गेम आपल्याशी खोटं बोलतो का? गेम डिझाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम डिझाइन म्हणजे ग्राफिक्सच ना?

नाही हो. हा घोळ इतका जुना आहे की आता चिडायचंही सोडून दिलंय. ग्राफिक्स म्हणजे गेम दिसतो कसा. डिझाइन म्हणजे तुम्ही बटण दाबल्यावर होतं काय, ते झाल्यावर परत दाबावंसं का वाटतं, आणि हरल्यावर राग गेमवर निघतो की स्वतःवर, हे सगळं. टेट्रिस घ्या. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोवनं तो पहिल्यांदा केला तो इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या मशीनवर, त्यावर ग्राफिक्स हा प्रकारच नव्हता, नुसती अक्षरं उमटायची, म्हणून त्यानं कंसाची चिन्हं शेजारी शेजारी ठेवून ठोकळे दाखवले. चार चौकोनांचे सात आकार, ओळ भरली की गायब, ढीग वरपर्यंत गेला की खेळ खल्लास. एवढ्या भांडवलावर चाळीस वर्षं झाली, लोक अजून खेळतायत. उलट ज्या गेमचे ट्रेलर बघून डोळे दिपले होते त्यातले किती आठवतात ते बघा जरा.

जगातला पहिला व्हिडिओ गेम कुठला?

भांडण लावायचं असेल तर हा प्रश्न बेस्ट. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमध्ये विल्यम हिगिनबॉथम नावाच्या फिजिक्सवाल्यानं ऑसिलोस्कोपच्या छोट्याशा पडद्यावर टेनिस करून दाखवलं होतं, लॅब बघायला येणारी माणसं कंटाळू नयेत म्हणून. १९६२ ला एमआयटीत स्पेसवॉर आला. १९७२ ला अटारी कंपनीचा पाँग, म्हणजे पडद्यावरचं टेबल टेनिस, आला आणि या धंद्यात पैसा आहे हे सगळ्यांना कळलं. यातला पहिला कुठला ते तुम्ही गेम कशाला म्हणता यावर आहे.

पाँगचं मात्र सांगायलाच पाहिजे. तो ॲलन अल्कॉर्ननं केला, खरं तर त्याला हे काम हात बसावा म्हणून सरावाला दिलं होतं. त्यानं बॅटचे भाग पाडले, म्हणजे चेंडू मध्यावर लागला तर सरळ जातो आणि कडेला लागला तर तिरका. आणि सर्किटच्या अडचणीमुळे बॅट पडद्याच्या अगदी टोकापर्यंत जातच नव्हती, ते त्यानं तसंच ठेवलं, कारण नाहीतर दोन चांगल्या खेळाडूंची रॅली संपलीच नसती. आता या दोन गोष्टी काढून टाका, उरतं काय? चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"मी उडी बरोबर मारली होती, गेमनं खाल्ली." असं खरंच होतं का?

बहुतेक वेळा तुम्ही उशीरच केलेला असतो, पण तरी चूक गेमची.

माझंच सांगतो. मी एकदा साधा उड्या मारायचा गेम बनवला, गणित एकदम चोख, कडेवरून पाय सुटला की पडलाच. चौघांना खेळायला दिला आणि चौघंही म्हणाले बटण चालत नाही. मी वैतागलो, रेकॉर्डिंग काढून बघितलं, तर सगळेच्या सगळे कड सुटल्यावर दोन-तीन फ्रेम उशिरा बटण दाबत होते. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. त्यांच्या डोळ्याला ते अजून जमिनीवरच होते. म्हणजे मी बरोबर होतो आणि माझा गेम भंगार होता.

यावरच्या उपायाला कायोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला तो प्राणी कड्याच्या पुढे हवेत पळत जातो आणि खाली बघितल्यावरच पडतो ना, त्यावरून. पाय सुटल्यावरही गेम थोडा वेळ तुम्हाला जमिनीवरच धरतो. २०१८ च्या सेलेस्टमध्ये हा वेळ ०.१ सेकंद आहे. शिवाय जमिनीला टेकायच्या जरा आधी उडीचं बटण दाबलं तरी तो ते लक्षात ठेवतो, आणि डोकं कोपऱ्याला घासलं तर तुम्हाला काही पिक्सेल बाजूला सरकवून वर सोडतो. एवढं करून सेलेस्ट प्रसिद्ध कशासाठी, तर अवघड म्हणून! माणूस त्यात हजारदा मरतो आणि तरी म्हणतो माझंच चुकलं, कारण गेमनं आधीच त्याच्या बाजूनं एवढं माप टाकलेलं असतं.

मी माझ्यात सहा फ्रेम टाकल्या, कुणाला काही बोललो नाही, परत दिला. "आता बटण नीट केलंस वाटतं" म्हणाले.

मग गेम आपल्याशी सरळ सरळ खोटं बोलतो की!

बोलतो ना. आणि चांगल्या गेममध्ये ते खोटं तुमच्या बाजूनं असतं.

आपल्याला टक्केवारी कळत नाही, म्हणजे वहीत कळते पण खेळताना नाही. फटका लागायची शक्यता ७५ टक्के असं लिहिलेलं दिसलं की आपण "लागणारच" असं वाचतो, मग चारातून एकदा हुकलं की गेम चीटिंग करतो म्हणून बोंब. सिव्हिलायझेशन हा साम्राज्य उभारायचा गेम करणाऱ्या सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हे मस्त सांगितलं होतं: आपली ताकद तिप्पट असताना हरलेले लोक तक्रार करायचे, पण समोरच्याची तिप्पट असताना आपण जिंकलो तर तक्रार नाही, तो आपला पराक्रम. फायर एम्ब्लेम या लढायांच्या गेमवाल्यांनी २००२ पासूनच्या बऱ्याच भागांत यावर युक्ती केली. एकाऐवजी दोन रँडम आकडे काढायचे आणि त्यांची सरासरी धरायची. त्यामुळे पडद्यावर ७५ दिसतं तिथे खरी शक्यता साधारण ८८ असते आणि २५ दिसतं तिथे साधारण १३. आकडा खोटा आहे पण आपल्या मनातल्या आकड्याच्या जास्त जवळ आहे, त्यामुळे गेम "फेअर" वाटतो. मला तर हे ऐकल्यावर दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

२००७ च्या बायोशॉकमध्ये जीव जाणार असा शेवटचा फटका बसला की एक-दोन सेकंद तुम्हाला काहीच होत नाही. तुम्ही तेवढ्यात पळता आणि मित्राला सांगता थोडक्यात वाचलो. मारिओ कार्ट या शर्यतीच्या गेममध्ये तुम्ही जितके मागे तितकी हाताला लागणारी वस्तू जास्त दमदार.

खोटं बोलतो का हा प्रश्नच नाही, कुणासाठी बोलतो हा आहे. खाली फुकट गेमच्या प्रश्नात हे परत येणार आहे.

सिव्हिलायझेशनमध्ये गांधीजी अणुबॉम्ब टाकतात तो बग (प्रोग्राममधली चूक) खरा का?

अफवा. गोष्ट अशी सांगतात की पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये भारताचे नेते असलेल्या गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले, आकडा शून्याखाली जाऊन उलटा फिरला आणि २५५ झाला, झालं, गांधीजी खवळले. सिड मायर यांनी २०२० मध्ये आलेल्या आपल्या आठवणींत स्वच्छ लिहिलंय की असा बग नव्हताच. पाचव्या भागात मात्र गांधींचा अणुबॉम्बकडचा ओढा मुद्दाम, गंमत म्हणून, वाढवून ठेवलेला आहे.

२५५ आणि उलटं फिरणं हे मात्र खरं असतं. बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीतला एक छोटा कप्पा, त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गेममधल्या शत्रूंना खरंच अक्कल असते का?

फार नसते, आणि फार असली तर मजा जाते. पॅक-मॅनची चार भुतं याचं सगळ्यात भारी उदाहरण. १९८० चा गेम, नाम्कोत तोरू इवातानीनं डिझाइन केलेला. लाल भूत सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी भूत तुमचं तोंड जिकडे असेल तिकडे चार घरं पुढचा नेम धरतं, म्हणून ते वाट अडवायला आल्यासारखं वाटतं. निळं भूत तुमची आणि लाल भुताची अशा दोघांची जागा बघून ठरवतं, त्यामुळे त्याचा अंदाजच येत नाही. आणि केशरी? ते लांबून तुमच्यावर चालून येतं आणि आठ घरांच्या आत आलं की घाबरल्यासारखं आपल्या कोपऱ्याकडे वळतं. चौघांनाही एकेक साधा नियम, एकमेकांशी बोलणं वगैरे काही नाही, आणि तरी खेळताना वाटतं की चौघं कट करून घेरतायत. कट आपल्या डोक्यात शिजतो. शिवाय चौघंही मधूनमधून पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात निघून जातात, खेळणाऱ्याला श्वास घ्यायला. हे मधलं सोडून देणंच नवशिके डिझाइनर विसरतात.

याच गेमची २५६ वी लेव्हल आली की अर्ध्या पडद्यावर कचरा उमटतो आणि गेम पुढे जातच नाही. कारण वरचंच, एक बाइट भरला.

ट्युटोरियल वाचून झोप येते. दुसरा काही मार्ग नसतो का?

असतो, फक्त त्याला मेहनत लागते. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल बघा, एक अक्षर लिहिलेलं नाही. मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे उजवीकडे जायचं हे न सांगता कळलं. पहिला शत्रू चालत येतो, काही केलं नाहीत तर मरता, पण गमावलं काय, पाच सेकंद. मग प्रश्नचिन्हाची पेटी, तिच्यातून मशरूम निघतं, ते उजवीकडे घसरत जातं, पाइपला आपटतं आणि उलटं फिरून तुमच्याच अंगावर येतं. तुम्ही दचकून उडी मारता तर डोक्यावर विटा, त्या आपटून खाली, मशरूम लागतं, आणि मारिओ मोठा होतो! म्हणजे घाबरून का होईना, शिकवलं. पुढे दोन जिने समोरासमोर, मध्ये जमीन. चुकलात तर काही होत नाही. लगेच पुढे तसेच दोन जिने आणि आता मध्ये खड्डा.

याच्यासमोर आजचे काही गेम, अर्धा तास पॉपअप. "पुढे जाण्यासाठी स्टिक पुढे करा." बरं झालं सांगितलं!

चूक कधी कधी फीचर होते म्हणतात ते कसं?

होते, पण बघणाऱ्याची नजर लागते. १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्समध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात पळायला लागतात. तोमोहिरो निशिकादोनं ते आधी ठरवलं नव्हतं, प्रोसेसरला एवढे सगळे एकदम पडद्यावर दाखवायला झेपत नव्हतं, ओझं कमी झालं की तो सुसाट. त्यानं ते तसंच राहू दिलं आणि खेळ पुढे पुढे अवघड होत जातो ही चाल तिथून रुळली. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधले कॉम्बो, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले फटके, तेसुद्धा असेच, टेस्टिंगमध्ये दिसलेली गडबड, कुणी एवढं जमवणार नाही म्हणून राहू दिलेली. आज फायटिंग गेम म्हणजेच कॉम्बो. आणि १९९९ च्या सायलेंट हिलमधलं ते धुकं, पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं काही दाखवता येत नव्हतं ते झाकायला आलं. भीती त्याच धुक्याची वाटते.

गेमला कला म्हणायचं का?

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये १४ गेम संग्रहात घेतले, पॅक-मॅन आणि टेट्रिस त्यातच आहेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की पुस्तकं, नाटकं, सिनेमे यांच्यासारखंच गेमनाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे. झालं समाधान? माझं यानं होत नाही, कारण म्युझियमनं घेतलं म्हणून कला हे काही खरं नाही.

मला पटणारं उदाहरण म्हणजे लुकास पोपचा २०१३ चा पेपर्स, प्लीज. तुम्ही सीमेवरचे कारकून, समोर आलेल्या माणसाचे कागद तपासायचे आणि शिक्का मारायचा. जितकी माणसं तितका पगार, चुकलात तर कापणार, घरात माणूस आजारी. एक बाई येते, तिचा एक कागद कमी आहे, तिच्या नवऱ्याला तुम्ही आत्ताच आत सोडलंय. शिक्का तुमच्या हातात. सिनेमात कारकुनानं तिला हाकललं तर तुम्हाला त्याचा राग येईल, इथे तुम्हाला लाज वाटते, कारण माऊस तुम्हीच हलवला. ही लाज दुसऱ्या कुठल्या माध्यमात आणता येत नाही असं माझं मत आहे, वाद घालायला या. साराजेवोच्या वेढ्यावरून सुचलेला धिस वॉर ऑफ माइन (२०१४) हाही त्याच जातीचा, त्यात तुम्ही सैनिक नाही, उपाशी नागरिक. पोलंडनं २०२० मध्ये तो शाळांच्या अवांतर वाचनाच्या यादीत घ्यायचं जाहीर केलं, तेही १८ च्या वरच्या मुलांसाठी.

हिंसक गेममुळे मुलं हिंसक होतात का?

अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये म्हटलंय की ओरडणं, ढकलाढकली असल्या आक्रमक वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही. तरी वयाचं रेटिंग बघूनच गेम द्या. अमेरिकेत ईएसआरबी १९९४ पासून आणि युरोपात पेगी २००३ पासून ते डब्यावर छापतात, आणि आपण ते न वाचताच देतो.

आणि व्यसन?

जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर आपल्या आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण निकष नुसते तास नाहीत. खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ पुढे, नुकसान होतंय तरी थांबवत नाही, आणि हे साधारण १२ महिने चाललंय, असं असेल तर. सुट्टीत रात्रभर जागला म्हणून कुणी आजारी होत नाही. वर्षभर असं चाललं असेल तर मात्र चिडवत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

गेम फुकट आहे तर कंपनीला पैसे मिळतात कुठून?

थोड्या लोकांकडून, भरपूर. बहुतेक जण कधीच काही विकत घेत नाहीत, आणि मूठभर माणसं सगळ्यांचा खर्च काढतात.

इथे मी जरा तापतो. वर सांगितलं ना, माणसाला शक्यता कळत नाही, थोडक्यात वाचलं की भारी वाटतं, मागे पडलेल्याला हात दिला की तो खेळत राहतो. हे सगळं ज्ञान जसंच्या तसं उचलून उलटं लावलं की लूट बॉक्स होतो. पैसे मोजून पेटी उघडायची, आत काय निघेल माहीत नाही, चक्र फिरतं आणि दुर्मिळ वस्तूच्या अगदी शेजारी थांबतं. कधी मिळेल ते माहीत नसलेलं बक्षीस प्राण्याला सगळ्यात चिकाटीनं बटण दाबायला लावतं हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केव्हाच दाखवून ठेवलंय. मग गेममधलं चलन, हिरे म्हणा नाणी म्हणा, ते मुद्दाम अशा गठ्ठ्यांत विकायचं की वस्तू घेतल्यावर थोडे उरलेच पाहिजेत, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा गठ्ठा. "आज आला नाहीत तर सलग दिवसांची मालिका तुटेल." "ही ऑफर दोन तासांत संपते." उद्या परत असतेच.

जपाननं २०१२ मध्ये कोंपू गाचा हा पेट्यांचा प्रकार बंद पाडला, त्यात पेट्यांमधून एक पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस मिळायचं, आणि संचातली शेवटची वस्तू किती पेट्यांनंतर निघेल हे गणित तुम्हीच करा. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स सरळ जुगारात धरले.

माझी कसोटी साधी आहे. सहा फ्रेम जास्त देणारा डिझाइनर आणि चक्र शेजारच्या घरावर थांबवणारा डिझाइनर, दोघांनाही तुमच्या डोक्यातली तीच भोकं माहीत आहेत. पहिल्याला तुम्ही उडी पार करायला हवी असते. दुसऱ्याला तुम्ही पार केलीत तर परवडत नाही.

एकट्यानं गेम बनवता येतो का?

येतो. स्टारड्यू व्हॅली (२०१६) एरिक बॅरोननं एकट्यानं केला, कोड, चित्रं, संगीत सगळं, साडेचार वर्षं लागली. ही साडेचार वर्षं लोक ऐकतच नाहीत, फक्त "एकट्यानं" ऐकतात. सुरुवात करायची तर गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याच्याही आधी कागदावर खेळून बघा. आणि पहिला गेम म्हणून ऑनलाइन हजार खेळाडूंचं जग बनवायला घेऊ नका, प्लीज. एक उडी बनवा. ती नुसती मारत बसायला मजा आली की मग पुढचं.

जुने गेम आता मिळत का नाहीत?

कारण जपायची कुणाला गरज वाटली नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत असं निघालं. आणि नवे तरी कुठे टिकतात? युबीसॉफ्ट कंपनीच्या द क्रू या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ मध्ये बंद झाले, तर ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांनाही तो खेळता येईना, एकट्यानंसुद्धा नाही. सीडी हातात, गेम नाही.

एवढ्या जुन्या गेममध्ये नवीन काय सापडणार?

परत टेट्रिस. १९८९ च्या निन्टेन्डोवाल्या टेट्रिसमध्ये २९ व्या लेव्हलला ठोकळे इतक्या जोरात पडतात की बटण दाबून धरलं तर ते कडेपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे गेम तिथे संपतो असंच सगळे वर्षानुवर्षं धरून चालले होते. मग काही जणांनी अंगठा थरथरवून दाबायला सुरुवात केली, पुढे कुणीतरी कंट्रोलर उलट्या बाजूनं बोटांनी वाजवायची रीत काढली, तबल्यासारखी, आणि २९ ची भिंत पडली. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलानं १५७ व्या लेव्हलला तो गेमच गोठवला, तोपर्यंत हे फक्त प्रोग्रामला जमलं होतं. २०२४ मध्ये आणखी एका खेळाडूनं, गोठू नये म्हणून दुरुस्त केलेल्या आवृत्तीवर, २५५ वी लेव्हल पार केली. बाइट भरला, आकडा उलटा फिरला, लेव्हल शून्य झाली, आणि ठोकळे परत पहिल्यासारखे सावकाश खाली यायला लागले.